एका वेळी एकच पिंजरा

पिंजऱ्यांवरची दोन कार्डं मी चुकीच्या जागी लावली. चूक तेवढीच होती आणि ती कुणाच्याही हातून झाली असती. पण ती माझ्या हातून झाली हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं, आणि तरीही मी अकरा वर्षं गप्प राहिलो. त्या अकरा वर्षांत दुसरा एक माणूस ती चूक स्वतःची समजून जगला. मला लिहायचं आहे ते त्या माणसाबद्दल.

सोलापुरातल्या एका फार्मसी कॉलेजात मी तेव्हा पीएच.डी. करत होतो. इमारतीच्या मागच्या अंगाला प्राणिगृह होतं. कागदोपत्री नाव मोठं होतं, पण सगळे त्याला उंदीरखोलीच म्हणत. प्रयोगांसाठी लागणारे पांढरे उंदीर तिथे वाढवले जात. ते सांभाळणाऱ्या माणसाला सगळं कॉलेज मामा म्हणायचं. अक्कलकोटकडचं गाव, घरात कन्नड, बाहेर मराठी. किडकिडीत अंग, गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग, कपाळावर विभूती. ती विभूतीसुद्धा ते आधी नाकाशी धरून बघत आणि मगच लावत. वास येता कामा नये.

वासावरून त्यांची माझी पहिली भेट झाली. मी दारात उभा, ते आत. त्यांनी हात आडवा धरला आणि माझ्या डोक्याजवळ नाक आणून हुंगलं.

"आवळ्याचं तेल लावलंय न्हवं? जावा, डोकं धुऊन या."

"मामा, मी रिसर्चला आलोय."

"म्या कुटं न्हाई म्हनतोय? डोकं धुऊन रिसर्च करा की."

मला वाटलं, माणूस विक्षिप्त आहे. विक्षिप्त होतेच, पण वासाच्या बाबतीत नव्हे. नुकती व्यालेली मादी अनोळखी वासाने बिथरली तर स्वतःची पिल्लं खाऊन टाकते. म्हणून मामा पिल्लांना हात लावण्याआधी त्याच पिंजऱ्यात अंथरलेलं मळकं तूस दोन्ही तळव्यांवर चोळून घेत. पिल्लू उचलत ते दोन बोटांत, फुलासारखं. कातडीतून पोटातलं दूध पांढरं दिसतं, ते बघत आणि म्हणत, "जेवलाय गडी." एकदा आमचे विभागप्रमुख लग्नाहून तडक तिथे आले. मनगटाला कुणीतरी अत्तर लावलेलं. मामांनी त्यांनाही दारातच अडवलं. "साहेब, उद्या या." साहेब निमूट परतले.

त्यांच्या लेखी त्या खोलीत एकही साहेब नव्हता. "हितं मालक उंदरं हायती. आपन सगळी पावणं." म्हणून मलाही ते 'पावणं' म्हणत, आणि तेही कुजबुजत. खोलीत मोठ्याने बोललेलं त्यांना खपत नसे. कोपऱ्यात एक रेडिओ बारीक आवाजात दिवसभर चालू असायचा, म्हणजे दार वाजलं, बादली पडली तरी उंदीर दचकत नाहीत. स्वतः ते रेडिओ ऐकत नसत. एकदा मी विचारलं, "मामा, आज काय सांगितलं बातम्यांत?" तर म्हणाले, "त्यास्नी इचारा," आणि पिंजऱ्यांकडे बोट दाखवलं. उंदरांशी मात्र ते कन्नडमध्ये बोलत. कुणाला उचललं की "हेदरबेड, हेदरबेड". घाबरू नकोस.

खोलीत उंदरांचे दोन वाण होते. एक साधा, विद्यार्थ्यांच्या रोजच्या प्रयोगांसाठी. दुसरा शुद्ध. हा शुद्ध वाण टिकवायचा तर पिढ्यान्‌पिढ्या सख्ख्या भावंडांचीच जोडी लावावी लागते. मामांना हे शास्त्र पटलं होतं, पण पचलं नव्हतं. भिंतीवर सिद्धेश्वराची छोटी तसबीर होती. शुद्ध वाणाच्या जोड्या लावायच्या दिवशी ते ती खिळ्यावरून काढत, टॉवेलात गुंडाळत आणि बाहेर व्हरांड्यात स्टुलावर ठेवून येत.

"देवाला कशाला दावायचं? सायन्सचं सायन्सला."

जोड्या लागल्या की देव परत खिळ्यावर.

त्या वाणाचा त्यांना केवढा अभिमान! पहिल्या चार जोड्या हैदराबादेहून त्यांनीच आणल्या होत्या. डबा मांडीवर घेऊन, गाडीत पाठही न टेकता. त्यानंतरची प्रत्येक पिढी त्यांच्या हाताखालून गेली होती. एका उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्र बंद पडलं आणि दुरुस्तीवाला दोन दिवस फिरकेना. मे महिन्यातलं सोलापूर. मामा घरी गेले, लग्नात आलेल्या नव्याकोऱ्या चादरी घेऊन आले, पाण्यात भिजवून खिडक्यांना बांधल्या आणि मांडण्यांवरचे सगळे पिंजरे खाली फरशीवर उतरवले. मागोमाग मामी आल्या. दारातूनच कडाडल्या, "माझ्या म्हायेरच्या चादरी उंदरास्नी?" मामा ओठावर बोट ठेवून म्हणाले, "हळू बोल. बाळंतिनी हायत्या." मामी खरोखरच हळू बोलू लागल्या. शिव्या त्याच, पण कुजबुजत. एकही उंदीर दगावला नाही.

कुणी चेष्टेने विचारी, "काय मामा, गळ्यात लिंग नि हातात उंदीर. शेवटी हे मरायलाच ना? पाप नाही लागत?" मामा म्हणत, "माझ्याकडं हाय तंवर ते सुकात ऱ्हातंय. माझं तेवढंच." पलीकडच्या प्रयोगखोलीत ते पाऊल टाकत नसत. पिंजरा उंबऱ्यावर ठेवायचा, पाठ फिरवायची आणि निघायचं.

त्यांचा नियम एकच होता, पण तो दिवसातून दहादा ऐकवत. "एका टायमाला एकच पिंजरा टेबलावर." दोन्ही वाण पांढरेशुभ्र, दोघांचेही डोळे लाल. अंगावर पिक्रिक अॅसिडचे पिवळे ठिपके असत, पण ते पिंजऱ्यातला पहिला कोण, दुसरा कोण, एवढंच सांगत. वाण सांगायचं ते फक्त पिंजऱ्यावरचं कार्ड. शुद्धाचं लाल, साध्याचं पांढरं. "कार्ड म्हंजे त्येंचं गोत्र," मामा म्हणत.

मामा वर्षातून दोनच दिवस रजा घेत, संक्रांतीला, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी. त्या वर्षी जाताना त्यांनी खोलीची चावी माझ्या हातात दिली. ती ते कुणालाच देत नसत. "दाना-पानी तेवडं बगा. बाकी कशाला हात लावू नगा."

मी हात लावला. माझं काम पिल्लांच्या वाढीवर होतं. दोन्ही वाणांच्या पिल्लांची मी ती वयात येईपर्यंत दर आठवड्याला वजनं घ्यायचो. ती दुपारीच उरकली तर तीनची एसटी पकडून मला माळशिरसला पोचता येणार होतं. सणाला आई वाट बघत होती. घाईघाईत मी वयात आलेल्या माद्यांचे दोन पिंजरे एकदम टेबलावर घेतले. एक लाल कार्डाचा, एक पांढऱ्या. पाण्याच्या बाटल्या ठिबकत होत्या. कार्डं भिजू नयेत म्हणून दोन्ही काढून बाजूला ठेवली. वजनं झाली, कार्डं परत खोचली, पिंजरे मांडणीवर चढवले आणि पळालो. एसटी मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतलो तर मामा आधीच कामाला लागलेले. सिद्धेश्वर व्हरांड्यात स्टुलावर, म्हणजे शुद्ध वाणाच्या जोड्या लागत होत्या. लाल कार्डाच्या पिंजऱ्यातली एक मादी तळहातावर घेऊन मामा कौतुकाने बघत होते.

"दोन दिस म्या नव्हतो, तर पोरी थोराड झाल्या की वो!"

ते हसले. त्यांनी कार्ड पुन्हा एकदा वाचलं आणि मादी नराच्या पिंजऱ्यात सोडली. मला ते 'थोराड' खटकलं. बाहेर जाऊन वही उघडली. लाल कार्डाच्या माद्यांची आदल्या दिवशीची वजनं सतरा-अठरा ग्रॅम होती. दुपारी मामा जेवायला गेले तेव्हा त्यातली एक मी काट्यावर ठेवली. तेवीस ग्रॅम. एका दिवसात कुठलाही उंदीर एवढा वाढत नाही. कार्डांची अदलाबदल झाली होती. साध्या वाणाच्या माद्या शुद्ध वाणात शिरल्या होत्या.

त्या दुपारी बोललो असतो तर सगळं निस्तरलं असतं. जोड्या मोडायच्या आणि कार्डं बदलायची, अर्ध्या तासाचं काम. मामा चिडले असते, चावी परत कधी दिली नसती. मला भीती एवढ्याचीच होती, आज सांगतानाही लाज वाटते. आज सांगू, उद्या सांगू, असं करत तीन आठवडे गेले आणि त्या जोड्यांना दहा-दहा, अकरा-अकरा पिल्लं झाली. शुद्ध वाणाला पाच-सहाच होतात. मामा तडक साहेबांकडे गेले. "ही आपली वाटत न्हाईत." साहेबांना एका मोठ्या प्रकल्पासाठी खूप उंदीर हवे होते. ते म्हणाले, "अहो, चांगलंच आहे की. हीच वाढवा."

बाहेर आल्यावर मामांनी मला व्हरांड्यात गाठलं. ते पहिल्यांदाच कुजबुजत नव्हते.

"पावणं, खरं सांगा. म्या नसताना पिंजऱ्यास्नी कुनी हात लावला हुता का?"

"नाही मामा."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. माझ्यावर विश्वास होता म्हणूनच तर चावी दिली होती.

पुढच्या दोन पिढ्या त्याच उंदरांपासून वाढल्या. मग प्रकल्पाचे निकाल विचित्र येऊ लागले, नमुने बाहेर तपासणीला गेले आणि अहवाल आला. वाण मिसळलेला आहे, शुद्ध राहिलेला नाही. सगळे उंदीर नष्ट करून नव्याने सुरुवात करायची, असं ठरलं. साहेबांच्या खोलीत आम्ही सगळे उभे होतो. मामा पुढे झाले.

"साहेब, चूक माझी हाय. सनाच्या गडबडीत माझाच हात चुकला. पोरी थोराड हायत हे डोळ्यानं बगितलं हुतं, तरी हातानं लावल्या."

मी तिथेच होतो. चार फुटांवर.

दुसऱ्या दिवशी प्रयोगखोलीतला माणूस पिंजरे न्यायला आला. मामांनी त्याला हात लावू दिला नाही. "माझी चूक, म्याच नेतो." ज्या खोलीत त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं, तिथे एकेक पिंजरा घेऊन ते जात राहिले. तिथेही एका वेळी एकच. प्रत्येक वेळी माझ्यासमोरून गेले आणि प्रत्येक वेळी मला ऐकू आलं, "हेदरबेड, हेदरबेड." मी भिंतीला टेकून उभा होतो. पुढे होऊन एक पिंजरा हातात घ्यावा, एवढंही माझ्याच्याने झालं नाही.

साहेबांनी त्यांना काही शिक्षा केली नाही. मामांनीच बदली मागून घेतली, औषधी वनस्पतींच्या बागेत. निवृत्तीपर्यंत ते तिथेच होते. माझी पीएच.डी. झाली, त्याच कॉलेजात नोकरी लागली आणि माझ्या खोलीच्या खिडकीतून बाग दिसू लागली. मामा झाडाला पाटी लावत, मग माळ्याला हाक मारत, "बगा वो, तुळसच हाय न्हवं?" तुळस तुळशीसारखीच दिसते. तरी विचारत. मी खिडकीला पडदा लावून घेतला.

ते निवृत्त झाल्यावर मला सुटल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. त्यांचं घर भवानी पेठेत. तिकडे काही काम निघालं तर मी लांबच्या रस्त्याने जायचो.

गेल्या वर्षी प्राणिगृहाची जबाबदारी माझ्याकडे आली. नवी खोली, नव्या मांडण्या, शुद्ध वाणाच्या नव्या जोड्या. आणि ओळीने चार बाळंतपणांत माद्यांनी पिल्लं खाल्ली. वास नाही, जादा उजेड नाही, खाणं व्यवस्थित. आम्ही सगळं तपासलं. शेवटी आमचे प्राचार्य म्हणाले, "ते जुने मामा आहेत ना अजून? त्यांना बोलवा की. तुमची तर चांगली ओळख होती."

दुपारी गेलो. शेजारच्या घरात माग चालू होता, त्याची खटखट गल्लीभर. मामा बाजेवर बसले होते, आणखी वाळलेले. मामी खाली पाटावर बसून तांदूळ निवडत होत्या. मला बघून मामांचा चेहरा उजळला. "या पावणं! लई दिसांनी वाट चुकलासा!" मग त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. किती दिवसांच्या माद्या, पाणी कधी बदलता, तूस कुठलं. डोळे चमकत होते. मी म्हणालो, "मामा, चार दिवस येऊन बघाल का?"

तशी चमक गेली. त्यांनी हात जोडले.

"न्हाई जमायचं. सांगंल तेवडं सांगतो, पन त्या खोलीत न्हाई येनार. माझा हात खोटा निघाला, पावणं. एकदा निघाला, परत निगंल."

"घरात बी तेच चाललंय," मामी म्हणाल्या. "दाराला कुलूप म्या लावायचं. गोळ्या म्या मोजून द्यायच्या. नातीला न्हाऊ घालतानी पानी म्या बगायचं. का, तर म्हनं माझ्या हातावर भरवसा नगं. अकरा वर्सं हेच ऐकतीया."

मी पाणी प्यायलो. पेला खाली ठेवताना त्याचा आवाज झाला.

"मामा, तुमचा हात चुकला नव्हता. कार्डं मी बदलली होती."

मग सगळं सांगितलं. चावी, एसटी, दोन पिंजरे, ठिबकणाऱ्या बाटल्या, सतरा ग्रॅम आणि तेवीस ग्रॅम. मी "नाही मामा" म्हणालो तेही. सांगताना मी फरशीकडे बघत होतो.

"परत सांगा," मामा म्हणाले. "पोरी थोराड हुत्या?"

"होत्या मामा. त्या मुळात दुसऱ्याच होत्या."

"म्हंजे माझ्या डोळ्यास्नी बरुबर दिसलं हुतं?"

"बरोबर दिसलं होतं."

"आन हातानं?"

"हातानं कार्डाप्रमाणेच लावल्या. कार्ड खोटं होतं. हात नव्हे."

मामा उठून उभे राहिले. आपले दोन्ही तळवे डोळ्यांसमोर धरले, उलटे केले, सुलटे केले. आणि मोठ्याने हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना मोठ्याने हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

"अगं ऐकलंस का? माझा हात न्हवता! सांगा, सांगा हिला, पयल्यापासनं सांगा!"

मामी समोरच बसून सगळं ऐकत होत्या, तरी मला पुन्हा सांगावं लागलं. मी चुकून एसटीचं वगळलं तर मामांनी आठवण केली, "एष्टीचं ऱ्हायलं." मग ते दारात गेले आणि शेजाऱ्याला ओरडून माग थांबवायला लावला. शेजारी घाम पुसत आला. मामा म्हणाले, "सांगा ह्याला." मी तिसऱ्यांदा सांगितलं.

शेजारी गोंधळून म्हणाला, "म्हणजे ह्यांनी उंदीर चोरले?"

"उंदीर न्हवं रं! कार्ड! कार्ड फिरलं! हात जाग्यावर हुता!"

शेजाऱ्याला काही उमगलं नसावं, पण त्याने मामांच्या पाठीवर थाप मारली आणि परत मागावर गेला.

पुढच्याच सोमवारी मामा कॉलेजात आले. खोलीत दहा मिनिटं नुसते उभे राहिले. मग पिंजरे धुवायला नेणाऱ्या ढकलगाडीकडे बोट दाखवलं. तिची चाकं बारीक कर्र वाजत होती. आमच्या कानांना ती सवयीची झाली होती, पण उंदराच्या कानाला असला बारीक आवाज फार लागतो. चाकांना तेल दिलं. त्यानंतरच्या बाळंतपणातली सहाच्या सहा पिल्लं जगली. आता मामा आठवड्यातून दोनदा येतात आणि दारात माझंही डोकं हुंगतात.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी शेजारी गेल्यावर मामा पुन्हा बाजेवर बसले. हसू हळूहळू ओसरलं. मग म्हणाले, "पन ती सगळी गेली की वो, पावणं. हैदराबादेपासनंची."

मामींनी निवडलेले तांदूळ बाजूला सारले आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"तीनदा सांगितलंसा. समदं बरुबर सांगितलंसा. पन चुकलं म्हून एकदा तरी म्हनलासा का?"

खरं होतं. मी घडलेलं सांगितलं होतं, आणि सांगितलं म्हणून मनातल्या मनात हलकाही झालो होतो. तो शब्द मात्र अजून तोंडातून आला नव्हता. मी खुर्चीवरून उठलो, बाजेपाशी खाली बसलो आणि मामांचे ते दोन्ही हात माझ्या हातांत घेतले.

"त्या दिवशी पिंजरे तुम्ही नेलेत, मामा. ते मी न्यायला हवे होते. माझं चुकलं. मला माफ करा."